तिसऱ्या लॅपनंतर पकड सुटते, बाहेरची कड झिजते: ट्रॅक डेचे टायर बदलण्याआधी काय तपासावं

सातारा, कऱ्हाड, सांगली या पट्ट्यातली बरीच मंडळी हल्ली स्वतःची रोजची गाडी घेऊन ट्रॅक डेला, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर दिवसभर गाडी चालवायला, जातात. कुणी तळेगावजवळ नाणोलीला, कुणी दोन दिवस सुट्टी टाकून थेट कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेला, तर कुणी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकला. गाडी ट्रेलरवर चढवून नेणारे फार थोडे. बाकी सगळे हायवेनं स्वतः चालवत जातात, तिथे दिवसभर गाडी पिळतात आणि त्याच टायरवर घरी परततात. त्यामुळे स्लिक, म्हणजे नक्षी नसलेला, किंवा रेसचा टायर यांच्या कामाचा नाही. त्यांना हवा असतो रस्त्यावर चालणारा, पावसात धरणारा आणि ट्रॅकवरही पकड देणारा टायर.

परत आले की माझ्या अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याच्या, रॅम्पवर तक्रार ठरलेली असते. "दादा, टायरच फालतू निघाला. दोन लॅप झाले की सुटतो. दुसरा कुठला चांगला येतो?"

माझं उत्तरही ठरलेलं: टायर शेवटी बघू. ही तक्रार मी वर्षानुवर्षं सोडवतोय आणि बहुतेक वेळा दोष हवेत, अलाइनमेंटमध्ये, अडकलेल्या ब्रेकमध्ये किंवा चालवण्याच्या पद्धतीत सापडतो. हे दोष तसेच ठेवून महागडे टायर चढवले तर तेही तसेच झिजतात. दोन टायरची तुलना करायची असेल तर आधी बाकीचं सगळं सारखं हवं. नाहीतर तुम्ही टायर तोलत नसता, स्वतःच्या गाडीचा बिघाड तोलत असता.

लक्षणं नीट ओळखा

सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण म्हणजे पहिले दोन लॅप गाडी हुकमी वळते आणि तिसऱ्या-चौथ्यापासून नाक बाहेर पळायला लागतं. स्टिअरिंग जास्त फिरवावं लागतं, पण हाताला ते हलकं लागतं. टायरचा आवाज बारीक चिरचिरीवरून घोगरा होतो. पाच-दहा मिनिटं गाडी उभी केली की पुन्हा सगळं ठीक. हा टायर जास्त तापल्याचा पुरावा आहे, टायर वाईट असल्याचा नाही.

दुसरं लक्षण झिजेचं. पुढच्या टायरची बाहेरची कड गोल होते, मधला भाग मात्र जवळपास नवा राहतो. ही झीज दोन्ही पुढच्या टायरवर आहे की एकाच, हे आधी बघा. ट्रॅक घड्याळाच्या दिशेनं फिरत असेल, म्हणजे उजवी वळणं जास्त असतील, तर डावा पुढचा टायर थोडा जास्त झिजणं नैसर्गिक आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर तसंच होतं. पण फरक थोडाच हवा. एक कड पार गेली आणि दुसरी शाबूत असेल, तर दोष त्या एका चाकापाशी शोधायचा.

तिसरं, पृष्ठभागावरच्या खुणा. रबराच्या बारीक वळ्या पडल्या असतील, शाळेत खोडरबर घासल्यावर कागदावर पडतात तशा, तर टायर पुरेसा तापण्याआधीच त्याला ओढलंय किंवा तो कडेकडेनं घसरत राहिलाय. छोटे फोड दिसले किंवा ठोकळ्यांचे तुकडे उडालेले दिसले, तर आतलं रबर अति तापलंय.

चौथं लक्षण घरी येताना कळतं. ताशी ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. आणि पाचवं लक्षण फसवं आहे: नक्षी भरपूर शिल्लक आहे, झीजही सारखी आहे, पण मागच्या वर्षी धरायचा तसा टायर आता धरत नाही.

आधी फुकटातली तपासणी: गाडी कशी चालवता

यात कुणाला कमी लेखायचा हेतू नाही. याला एक रुपया लागत नाही आणि निम्मं कोडं इथेच सुटतं, म्हणून हे पहिलं.

पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या हॅचबॅकमध्ये पुढचे दोन टायर सगळंच करतात. ब्रेकचा मोठा वाटा तेच उचलतात, वळवतात तेच आणि गाडी ओढतातही तेच. टायरकडे पकड एका मर्यादेपर्यंतच असते. ती वळण्यात पूर्ण खर्च होत असताना वर ॲक्सिलरेटर दाबला तर टायर पुढे घसरतो. घसरला की तापतो आणि तापला की आणखी घसरतो. मग चालवणारा स्टिअरिंग अजून फिरवतो आणि बाहेरची कड डांबरावर खरवडली जाते.

म्हणून एक सेशन असं करा. वळणात शिरताना नेहमीपेक्षा थोडा कमी वेग ठेवा, गाडी वळून सरळ व्हायला लागेपर्यंत ॲक्सिलरेटरला हात आखडता घ्या आणि स्टिअरिंग एकदा फिरवलं की त्यावर आणखी फिरवू नका. एक लॅप टायर तापवायला, तीन-चार लॅप जोरात, एक लॅप थंड करायला, मग पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर. तिथे गाडी गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढू नका, कारण तापलेले पॅड ड्रमला किंवा डिस्कला चिकटू शकतात. असं केल्यावर पकड सहाव्या लॅपपर्यंत टिकली, तर तुमचा टायर ठणठणीत आहे. रस्त्याच्या टायरवर सलग वीस मिनिटं जोर काढणं ही टायरकडून चुकीची अपेक्षा आहे, मग तो कितीही भारी असो.

मग हवा

सगळ्यात जास्त गफलत इथे होते, म्हणून सविस्तर सांगतो.

गाडीच्या दारावरच्या स्टिकरवरचा आकडा, समजा ३३ पीएसआय, थंड टायरसाठी असतो. हवा तापली की दाब वाढतो. ढोबळ हिशेब असा की दर सहा अंश सेल्सियसला साधारण एक पीएसआय. सकाळी २० अंशांना ३३ भरलेला टायर आतून ७० अंशांपर्यंत तापला तर आकडा ४१ च्या घरात जातो. इतक्या दाबाला टायर मधोमध फुगतो, जमिनीला टेकणारा पट्टा अरुंद होतो आणि पकड सुटते. तिसऱ्या लॅपला गाडी सुटण्याचं सगळ्यात साधं कारण हेच.

याच्या उलटही होतं. कुणीतरी सांगतं, ट्रॅकवर हवा कमी ठेवतात. मग ऐकणारा टायर थंड असतानाच हवा २४ वर आणून ठेवतो. अशा टायरची बाजू वळणात दुमडते, गाडी टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षीच्या कडेवर, चालते आणि बाहेरची कड एका दुपारीत संपते. रस्त्यावरच्या टायरची बाजू रेसच्या टायरइतकी ताठ नसते, त्याला आधार हवेचाच.

मी सांगतो ती पद्धत अशी. हवेचा दाब मोजायचा स्वतःचा एक गेज घ्या, चांगला गेज फार महाग नसतो. पंपावरच्या मशीनवर भरवसा नको, दोन पंपांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. ट्रॅकवर पोचल्यावर, सकाळी सावलीत, गाडी तासभर उभी असताना चारही टायर स्टिकरच्या आकड्यावर आणा. साताऱ्यात भरलेली हवा तिथे तशीच दाखवेल असं समजू नका. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, चेन्नईचा ट्रॅक जवळपास समुद्राच्या पातळीला. नुसत्या उंचीच्या फरकानं गेजचा आकडा एखाद पीएसआयनं कमी दिसतो. त्यात आपल्याकडची डिसेंबरची पहाट आणि तिथली सकाळ यांच्या तापमानाचा फरक उलट्या दिशेनं ओढतो. म्हणून मोजायचं ट्रॅकवरच.

पहिलं सेशन संपलं की गाडी थांबताच, दोन मिनिटांच्या आत, चारही चाकांचा गरम दाब मोजा आणि वहीत लिहा. हलक्या हॅचबॅकला रस्त्याच्या टायरमध्ये गरम दाब ३५ ते ३८ च्या दरम्यान ठीक बसतो असा माझा अनुभव आहे. जास्त असेल तर थोडी हवा सोडा. डावं-उजवं गरम असताना सारखं करा. दुपारी चेन्नईचं डांबर पन्नास अंशांच्या वर जातं, तेव्हा सकाळी जमवलेला आकडा दुपारी पुन्हा बघावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गरम टायरमधून सोडलेली हवा रात्री टायर थंड झाल्यावर कमी पडते. संध्याकाळी ३६ दाखवणारा टायर दुसऱ्या दिवशी पहाटे २७-२८ दाखवतो. त्यावर चार माणसं, बॅगा आणि हत्यारांची पेटी घालून हायवेला शंभरनं निघालात, तर टायरची बाजू दर फेऱ्याला दुमडते, आतून तापते आणि फुटू शकते. परतीला निघण्याआधी, टायर थंड असताना, हवा पुन्हा स्टिकरच्या आकड्यावर आणायचीच. सिगारेट लायटरच्या सॉकेटला लागणारा हवेचा पंप गाडीत असूदे. ही गोष्ट राहिली म्हणून रस्त्यात टायर गमावलेली गाडी माझ्या रॅम्पवर आली आहे. टायर रिमवरून काढला तर आत मूठभर काळी भुकटी निघाली. ती भुकटी म्हणजे आतल्या थराचं पीठ झालेलं असतं. असा टायर बाहेरून कितीही चांगला दिसला तरी टाकायचा.

नायट्रोजनचं विचारतात. फायदा एवढाच की तो कोरडा असतो, त्यामुळे गरम झाल्यावर दाब थोडा जास्त अंदाजात वाढतो. पंपावरच्या हवेत पाण्याची वाफ असेल तर दाब वेडावाकडा चढतो. मिळाला तर भरा, नाही तर मोजत राहा.

खडूची खूण

गेज दाब सांगतो, पण टायर किती दुमडतोय हे खडू सांगतो. शाळेचा खडू चालतो, बुटाचं पांढरं पॉलिश असेल तर उत्तम. पुढच्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावर, नक्षीच्या कडेपासून खाली बाजूवर तीन-चार सेंटिमीटर, अशी तीन ठिकाणी रेघ ओढा. दोन-तीन जोरदार लॅप मारून परत या आणि रेघ कुठपर्यंत पुसली गेली ते बघा.

बऱ्याच टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण छापलेला असतो. तो खरं तर झिजेची पट्टी कुठे आहे ते दाखवायला असतो, पण ट्रॅकवाले त्यालाच माप धरतात. खडू त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला असेल तर ठीक. त्याच्या खाली, कंपनीच्या नावाकडे सरकला असेल तर टायर फार दुमडतोय, दोन पीएसआय वाढवून पुन्हा बघा. वाढवूनही खडू खालपर्यंत पुसत असेल तर हवेचा प्रश्न राहिला नाही. मग कॅम्बर, म्हणजे चाकाचा आतला कल, बघायचा, त्याच्याकडे येतोच.

तापमान मोजणारी बंदूक असेल तर टायरचा आतला, मधला आणि बाहेरचा भाग लगोलग मोजा. मधला जास्त गरम असेल तर हवा जास्त. दोन्ही कडा गरम असतील तर हवा कमी. नुसती बाहेरची कड गरम असेल तर कॅम्बर कमी. कोविडच्या काळात घेतलेली ताप मोजायची बंदूक मात्र इथे चालत नाही, ती माणसाच्या तापमानापुढे वाचतच नाही.

हात फिरवा, आकडे वाचा

गाडी थंड झाल्यावर तळहात टायरवर आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेनं गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेनं करवतीसारखं बोचत असेल तर टो बिघडलेला आहे. टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं. आपल्याकडे पावसाळ्यानंतर हे हमखास सापडतं. एखादा खोल खड्डा जोरात बसला की टो हलतो, आणि हलला तरी स्टिअरिंग सरळच दिसू शकतं.

मग बाजूवरचा तारखेचा शिक्का वाचा. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. हा शिक्का टायरच्या एकाच बाजूला पूर्ण असतो, म्हणून कधी कधी गाडीखाली डोकावून वाचावा लागतो. जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली. तेव्हापासून बाहेरचे काही साइझ सलग मिळत नाहीत आणि दुकानाच्या कोपऱ्यात राहिलेला जुना माल नवा म्हणून पुढे येऊ शकतो. रोजच्या वापराला दोन वर्षं जुना, नीट ठेवलेला टायर चालेल, पण ट्रॅकसाठी मऊ रबराचे पैसे मोजताना मी ताजी तारीखच घेईन.

पाचवं लक्षण आठवा, नक्षी शिल्लक पण पकड गेलेली. रबर पुन्हा पुन्हा खूप तापून थंड झालं की टणक होत जातं. नखानं दाबून बघा आणि त्याच गाडीच्या न वापरलेल्या स्टेपनीशी ताडून बघा. स्टेपनी वेगळ्या बनावटीची असेल तर तुलना कच्चीच, पण अंदाज येतो. टणक झालेला टायर परत मऊ होत नाही. तो गावात चालवा, ट्रॅकवर नको.

पंक्चर आठवून बघा. आपल्याकडे ट्यूबलेसला बाहेरून स्ट्रिप खुपसून पाच मिनिटांत मोकळं करतात. गावात ते भागतं. ट्रॅकला नेणाऱ्या टायरवर अशी स्ट्रिप असेल तर तो टायर ट्रॅकवर जाऊ देऊ नका. आतून पॅच लावलेलं, नक्षीच्या मधल्या भागातलं छोटं पंक्चरही मी रस्त्यापुरतंच धरतो.

थरथरीचं कारण बहुतेक वेळा सोपं असतं. ट्रॅकवर पडलेलं गरम रबर टायरला चिकटून त्याचे गोळे होतात आणि हायवेवर काही किलोमीटरमध्ये झडून जातात. तसं न झाल्यास रिमच्या आतल्या बाजूला बघा. बॅलन्सिंगची चिकटवलेली वजनं ब्रेकच्या उष्णतेनं निसटतात, तिथे फक्त चौकोनी डाग उरतो. पुन्हा बॅलन्सिंग करून घ्या. तरीही थरथरत असेल तर रिम वाकलीय का ते मशीनवर फिरवून दिसतं.

चाकं पुढे-मागे करताना एक लक्षात ठेवा. बाण छापलेला टायर त्याच बाजूला राहतो, फक्त पुढून मागे जातो. बाहेरची बाजू लिहिलेला टायर डावी-उजवीकडे फिरवता येतो, पण ती बाजू बाहेरच राहिली पाहिजे.

एकच चाक तापतंय का

इस्लामपूरहून एक गाडी आली होती, उजवा पुढचा टायर दोन ट्रॅक डेमध्ये संपलेला, डावा मजेत. मालकानं टायरची जोडी बदलायची ठरवली होती. मी गाडी जॅकवर घेतली आणि चाक हातानं फिरवलं. डावं सुटं फिरलं, उजवं अर्ध्या फेऱ्यात थांबलं. कॅलिपरची, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाची, सरकती पिन गंजून बसली होती, पॅड कायम डिस्कला घासत होता. ब्रेकच्या उष्णतेनं रिम तापत होती आणि रिममुळे टायरमधली हवा. त्या चाकाचा गरम दाब बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसला असणार, पण कुणी चारही चाकं वेगवेगळी मोजलीच नव्हती. पिन साफ करून योग्य ग्रीस लावलं, पॅड बदलले. टायरची तक्रार पुन्हा आली नाही.

जॅकवर असतानाच चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे. वर-खाली खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवा खेळ असेल तर टाय रॉड. लोअर आर्मचं, म्हणजे चाक खालून धरणाऱ्या दांड्याचं, रबरी बुश चिरलेलं असेल तर ब्रेक मारताना चाक मागे सरकतं आणि रॅम्पवर बरोबर दिसणारी अलाइनमेंट ट्रॅकवर बदलते. ही तपासणी अलाइनमेंटच्या आधी. बुश सैल ठेवून अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे वाया.

अलाइनमेंट आणि कॅम्बर

अलाइनमेंट करून घेताना छापील कागद मागा, आधीचा आणि नंतरचा दोन्ही. नुसतं "झालं दादा, ओके आहे" ऐकून निघू नका. कागदावर दोन गोष्टी बघा: पुढचा टो, आणि डाव्या-उजव्या कॅम्बरमधला फरक. फरक अर्ध्या अंशाहून जास्त असेल तर काहीतरी वाकलंय.

कॅम्बर म्हणजे समोरून पाहिलं तर चाकाचा वरचा भाग आत कललेला असणं. कंपनीतून आलेल्या बहुतेक हॅचबॅकमध्ये तो जेमतेम अर्धा ते एक अंश असतो. वळणात बॉडी बाहेर झुकते, चाकही झुकतं आणि टायर बाहेरच्या कडेवर येतो. हवा बरोबर असून कड झिजते ती यामुळे. ट्रॅकसाठी दोन अंश किंवा थोडा जास्त आतला कल मिळाला तर टायरचं आयुष्य डोळ्यांना दिसेल इतकं वाढतं.

पण प्रत्येक गाडीत तो मिळत नाही. स्विफ्ट किंवा आय-ट्वेंटीसारख्या गाडीत स्ट्रट, म्हणजे शॉक ॲबसॉर्बरचा उभा दांडा, खाली दोन बोल्टनं नकलला, म्हणजे चाक धरणाऱ्या भागाला, जोडलेला असतो, तिथे कॅम्बर बोल्ट घालून एक-दीड अंश मिळवता येतो. पोलोमध्ये स्ट्रट नकलमध्ये क्लॅम्पनं बसतो, तिथे बोल्टचा उपाय नाही, वरची कॅम्बर प्लेट लागते. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारी आडवी पट्टी, असेल तर मागचं फारसं काही हलत नाही, आणि हलवायची गरजही नसते. कॅम्बर बदलला की टो बदलतोच, म्हणून त्यानंतर टो पुन्हा लावणं सक्तीचं. टो चुकलेला ठेवून कॅम्बर वाढवला तर आतली कड कोईमतूरला पोचेपर्यंतच संपते. रोज महाबळेश्वर-वाई करणारी गाडी असेल आणि वर्षातून एकदाच ट्रॅक, तर कॅम्बरच्या भानगडीत पडू नका असं माझं मत आहे.

आता टायरची तुलना

एवढं सगळं जागेवर असून पकड तिसऱ्या लॅपला सुटत असेल, तर टायरची जात चुकलीय.

बाजूवर ट्रेडवेअर नावाचा, म्हणजे टायर झिजायला किती टिकेल याचा, आकडा असतो. अमेरिकेतल्या यूटीक्यूजी या टायरच्या प्रतवारीच्या पद्धतीत टेक्सासच्या रस्त्यावर सुमारे ११,६०० किलोमीटर चालवून प्रमाण टायरशी ताडून तो ठरतो. आकडा कंपनी स्वतःच जाहीर करते, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून काटेकोर तुलना करू नका. ढोबळ जात मात्र कळते. गाडीबरोबर आलेले इंधन वाचवणारे, शांत टायर बहुधा ४०० च्या आसपास किंवा वर असतात. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ च्या जातीचे टायर ३०० च्या आसपास. योकोहामा ॲडव्हान निओव्हा एडी०८आर सारखे ट्रॅककडे झुकलेले टायर २०० च्या आसपास.

त्याच जागी असलेलं ट्रॅक्शनचं अक्षर, डबल ए किंवा ए, ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारून ठरतं. वळणातल्या पकडीबद्दल ते काही सांगत नाही. तापमानाचं अक्षर ए म्हणजे टायर ताशी १८५ किलोमीटरच्या वरच्या वेगाची उष्णता सोसतो. तीन-चार लॅपनंतर त्याची पकड कशी राहील हे त्यावरून कळत नाही.

माझं मत विचाराल तर वर्षाला एक-दोन ट्रॅक डे आणि बाकी रोजचा वापर असेल तर मधली, ३०० च्या आसपासची जात घ्या. तो पावसात यवतेश्वरला भरवसा देतो, हायवेला आवाज कमी करतो आणि ट्रॅकवर पाच-सहा लॅप प्रामाणिकपणे टिकतो. २०० वाली जात उष्णता जास्त सोसते, कडा ताठ ठेवते, पण थंड असताना तिची पकड तितकी नसते, खडखडाट जास्त आणि झीज झपाट्यानं. महिन्याआड ट्रॅकला जाणाऱ्यालाच ती परवडते. शिवाय नक्षी थोडी झिजलेली, चार-पाच मिलिमीटर उरलेली असली तर कोरड्या ट्रॅकवर तो टायर नव्यापेक्षा चांगला वागतो, कारण उंच ठोकळे जास्त डुलतात आणि तापतात. म्हणून नवेकोरे टायर चढवून थेट ट्रॅकला जाऊ नका, दोन-तीनशे किलोमीटर रस्त्यावर चालवून मग न्या.

साइझ बदलताना लोड इंडेक्स आणि वेगाचं अक्षर कंपनीच्या टायरपेक्षा खाली जाऊ देऊ नका. १९५/५५ आर १६, ८७ व्ही याचा अर्थ एका टायरला ५४५ किलो आणि ताशी २४० किलोमीटरपर्यंत. रिमोल्ड केलेला, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला, टायर कितीही नवा दिसो, ट्रॅकला नाही.

आणि टायर 'टेस्ट' करायला खंबाटकीला, पसरणीला किंवा कासच्या रस्त्याला जाऊ नका. तिथे पर्यटकांच्या गाड्या असतात. ट्रॅक डेचा हंगाम आणि गळीत हंगाम एकाच वेळी असतो, त्यामुळे घाटाखाली उतरलात तरी वळणाआड उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर उभा असू शकतो. घाटात टायरची मर्यादा कळत नाही, कारण तिथे मर्यादेजवळ जायचंच नसतं.

इथे थांबा

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर स्वतः काही करू नका, सेशन तिथेच सोडा. बाजूवर फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेत, तो कुठल्याही क्षणी फुटू शकतो. कडेला तार किंवा कापडाचा धागा दिसत असेल तर त्या टायरवर घरीही परतू नका, स्टेपनी लावा किंवा गाडी उचलून न्या. बाजूवर बोटभर चीर, रिमला तडा, चाकाचा स्टड किंवा बोल्ट फिरलेला, याला रस्त्यावरचा इलाज नाही.

ब्रेक पेडल मऊ झालं, खाली जायला लागलं, तर तो टायरचा विषय नाही. ब्रेकचं फ्लुइड उकळलंय. डॉट ४ फ्लुइड ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा शोषल्यावर ते १५५ पर्यंत खाली येतं. ब्रेकच्या माणसाकडून फ्लुइड बदलून, हवा काढून घेतल्याशिवाय पुन्हा ट्रॅकवर उतरायचं नाही.

बेअरिंगमध्ये खेळ, बॉल जॉइंट सैल, स्टिअरिंगमध्ये ठोका, किंवा अलाइनमेंट दोनदा करूनही कॅम्बर डावीकडे-उजवीकडे वेगळाच राहतोय, अशा वेळी सस्पेन्शनचं काम येणाऱ्या, सबफ्रेम, म्हणजे सस्पेन्शन बसतं ती चौकट, मोजू शकणाऱ्या वर्कशॉपलाच गाडी दाखवा. नुसता अलाइनमेंटवाला तिथे उपयोगाचा नाही, मीसुद्धा अशा गाड्या पुढे पाठवतो.

वर्कशॉपला जाताना वही बरोबर न्या. कुठल्या ट्रॅकवर, कुठल्या वेळी, चारही चाकांचा थंड आणि गरम दाब किती, खडू कुठपर्यंत पुसला, कुठली कड झिजली, एवढं लिहिलेलं असेल तर मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचतो. चाकं बसवताना बोल्ट टॉर्क रेंचनं गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला आवळून घ्या, आणि पहिल्या सेशननंतर, चाकं थंड झाल्यावर, पुन्हा एकदा तपासा.